भाग ४१ : श्रमदान संपल्यावरचं श्रमदान

(बोललेला भाग जसाच्या तसा उतरवला आहे. फक्त दोनदा-तीनदा आलेली वाक्यं काढली आहेत.)



आमच्या ग्रामपंचायतीत गेलात तर आत शिरल्या शिरल्या डाव्या भिंतीवर एक मोठा फोटो दिसेल. १ मे २०१८ चा. डोंगराच्या उतारावर चार-पाचशे माणसं, हातात टिकाव, खोरी, घमेली, मधी बायका, पुढं शाळेची पोरं, आणि मागं पुण्या-मुंबईहून आलेले जलमित्र टोप्या घालून. त्यात मी पण आहे. पुढच्या रांगेत, गळ्यात शिट्टी. फार रुबाबात उभा आहे.

आज मी त्या फोटोत नसलेल्या एका माणसाबद्दल बोलणार आहे. आमच्या भावकीतले नाना. आणि त्यांच्या बाबतीत मी काय केलं त्याबद्दल. हे बोलायचं का नाही यावर बरेच दिवस घालवले. पण गावोगावची पोरं विचारतात, "दादा, आमच्याकडं पण श्रमदान सुरू करायचंय, कसं करायचं?" त्यांना नुसता फोटो दाखवणं बरोबर नाही, म्हणून बोलतोय.

आधी थोडं गावाविषयी. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. तिकडं महाबळेश्वरला पाऊस थांबता थांबत नाही, आणि त्याच जिल्ह्यात आम्ही आभाळाकडं बघत बसतो. मेंढरं, ज्वारी, बाजरी, आणि घरटी एक माणूस मुंबईला. माथाडीत, नाहीतर कुठं गाळ्यावर. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरच्या मागं, असं दिवस काढलेलं गाव आहे हे.

तर २०१६ ला पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते : वरूड, अंबाजोगाई आणि आमच्याच जिल्ह्यातलं कोरेगाव. पहिला नंबर कोरेगावातल्या वेळूचा आला. मग आमच्याकडं चर्चा सुरू झाली की वेळूला जमतंय तर आपल्याला काय धाड भरलीय? २०१८ ला आम्ही उतरलो. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. त्या वर्षी राज्यात पहिली आली आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी. आम्ही कुठं आलो ते विचारू नका.

लोक म्हणतात, गावात एकी नव्हती, स्पर्धेनं एकी आणली. मला ते तितकंसं पटत नाही. गावाला मिळून काम करायची सवय आधीपासूनच असते, फक्त आपण त्याला स्वयंसेवा म्हणत नाही. अखंड हरिनाम सप्ताह बघा. सात दिवस, चोवीस तास वीणा खाली ठेवायची नसते. मग पहाऱ्याची यादी होते. रात्री दोन ते चार कोण, चार ते सहा कोण. ज्याचा पहारा असेल तो पावसात, थंडीत उठून येतो, वीणा गळ्यात घेतो, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय हलत नाही. त्याला कोण पगार देत नाही. महाप्रसादाला आमटीची कढई कोण सांभाळणार, वाढपी कोण, पत्रावळी कोण उचलणार, हे पण ठरलेलं असतं. यात्रेची वर्गणी दर घरटी, आणि जमाखर्च देवळासमोर वाचून दाखवायचा. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

आम्ही काय केलं, सप्ताहाची पहाऱ्याची वही काढली आणि तशीच श्रमदानाची वही केली. पहाटे साडेपाच ते साडेआठ एक पाळी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुसरी. आळीवार नावं. यात्रा त्यातच आली, तर त्या वर्षी तमाशा आणायचा नाही असं ठरलं आणि ते पैसे मशीनच्या डिझेलला ठेवले. त्यावर लय भांडण झालं, ते वेगळंच.

कामाचं थोडं सांगतो, कारण पुढची गोष्ट कळायला ते लागणार आहे.

एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. म्हणजे एक मोठा टँकर. वळवाचा एखादा पाऊस चाळीस मिलिमीटरचा झाला, तर एका हेक्टरावर चाळीस टँकर आभाळातनं ओतले. आता ते सगळंच वाहत नाही, काही मुरतं. पण उघड्या, उताराच्या माळावर बरंचसं वाहून जातं आणि जाताना माती घेऊन जातं. म्हणून माथा ते पायथा काम करायचं. वर डोंगरावर सलग समतल चर, खाली ओघळीला दगडी बांध, त्याच्या खाली शेताला बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी तळं नाहीतर नालाबांध. आमचा चर साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल. एक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. ही समपातळी काढायला लाकडाचा ए-फ्रेम, नाहीतर पारदर्शक नळीत पाणी भरून केलेलं हायड्रोमार्कर. माझं हार्डवेअरचं दुकान, नळी माझ्याच दुकानातली. त्यामुळं मी आपोआप तज्ज्ञ झालो.

पाच जण प्रशिक्षणाला गेले होते, त्यात मी एक. चार दिवसांत आपल्याला पाण्याचं सगळं कळतं असं वाटायला लागलं. गडबड तिथंच झाली.

नानांचं वीस गुंठ्यांचं रान बरोबर ओघळीच्या तोंडाला. वरनं येणारं पाणी त्यांच्याच बांधावरनं खाली जातं. तिथं बांध घालून सांडवा काढायचा होता. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी सुरक्षित बाहेर जायची वाट. आम्ही तो उजव्या बाजूला आखला, कारण तिथनं मशीनला जाता येत होतं आणि डाव्या बाजूला कातळ होता, फोडायला वेळ लागला असता. दिवस कमी, मार्क मिळवायचे होते.

नाना म्हणाले, "बांद घाला, माझं काय म्हननं न्हाय. पर सांडवा हिकडनं नगं. पानी डाव्या अंगानं जातंय."

मी म्हणलं, "नाना, आम्ही लेव्हल घेतलीय."

"लेवल घेतली आसंल. बाहात्तरच्या दुष्काळात ह्याच माळावर खडी फोडलीया मी. आमी पन हितं बांद घातलावता. पैल्या पावसात त्यो उजव्या अंगाला फुटला. पान्याला वाट इचारावी लागती बाळा."

आता १९७२ च्या दुष्काळी कामावर राबलेला माणूस त्याच जागेविषयी सांगतोय. ऐकून घ्यायला मला पाच मिनिटं लागली असती. तीन दिवस समजूत काढली, म्हणजे आम्ही आमचंच सांगत राहिलो. नाना सही देईनात. शेवटी एका रात्री मी गावच्या ग्रुपवर त्यांच्या रानाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की सगळं गाव घाम गाळतंय आणि एक माणूस विकासाला आडवा येतोय. नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती, रान सगळ्यांना ओळखू येत होतं.

ग्रुपवर साडेतीनशे माणसं. निम्मी मुंबईत. तिथनं फोन यायला लागले नानांच्या घरी. पारावर त्यांच्या शेजारी कोण बसेना. त्यांची सून, आमच्या वहिनी, महिलांच्या पाळीत रोज सगळ्यात आधी यायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. चौथ्या दिवशी नाना स्वतः आले, अंगठा दिला, आणि काही न बोलता गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मी शिट्टी पण वाजवली असंल.

२२ मे ला स्पर्धा संपली. रात्री बारापर्यंत काम, मग गुलाल. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळीव आला. दीड तास असा कोसळला की समोरचं दिसत नव्हतं. वरचे चर भरले, भरून वाहिले, आम्ही तर आनंदानं नाचत होतो. आणि मग खालनं ओरडा आला.

बांध उजव्या अंगाला फुटला होता. नानांनी सांगितलं होतं तिथंच.

सकाळी जाऊन बघितलं. वीस गुंठ्यांतलं निम्मं रान धुऊन गेलेलं. वरची माती गेली, खाली मुरूम आणि गोटे उघडे. पेरणीसाठी नांगरून, कुळवून तयार ठेवलेलं रान होतं ते. नाना बांधावर बसले होते. मला वाटलं शिव्या देतील. एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ह्याची जबाबदारी कुणाची? त्या दिवशी संध्याकाळी देवळात बसलो. एक जण म्हणाला, नैसर्गिक आपत्ती आहे. एक म्हणाला, पंचनामा करू, नुकसानभरपाईचा अर्ज करू. एक म्हणाला, सही त्यांनीच दिलीय. मी गप्प. स्पर्धा संपली होती, जलमित्र गेले होते, मशीन गेली होती. आणि पेरणी तोंडावर. माणमधल्या माणसाला जूनमधला एक दिवस मागणं म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच कळेल. ओल आहे तोवर पेरलं नाही तर वर्ष गेलं.

बैठकीत काहीच ठरलं नाही. आपल्याकडं जे अवघड असतं ते असंच सोडून दिलं जातं, कोण नाही म्हणत नाही आणि कोण उठत पण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो. बचत गटाच्या अकरा बायका समोरनं चालल्या होत्या, डोक्यावर घमेली, खांद्यावर खोरी. त्यांतल्या एका मावशीनं दुकानापुढं थांबून मोठ्यानं विचारलं, "काय रं, श्रमदान संपलं व्हय? का ते फोटूपुरतंच हुतं?"

मी शटर खाली ओढलं आणि मागं गेलो.

त्या दिवशी आम्ही चौदा जण होतो. दुसऱ्या दिवशी वीस. कुणी आपली पेरणी उरकून दुपारनंतर यायचं, कुणी पहाटे दोन तास देऊन आपल्या रानात जायचं. दगड वेचले, बांध परत बांधला. पाझर तलावातला गाळ ट्रॅक्टरनं आणून रानात पसरला, डिझेलला यात्रेच्या पैशातले उरलेले वापरले. सांडवा डाव्या बाजूला काढला. कातळ होता तो घणानं आणि पहारीनं फोडला, आणि तिथं उभं राहून नाना सांगत होते, हितनं घ्या, एवढा उतार द्या. एकोणीस दिवस लागले. टोप्या नव्हत्या, टी-शर्ट नव्हते, ढोल नव्हता. ह्या एकोणीस दिवसांचा एकही फोटो आमच्याकडं नाही.

शेवटच्या दिवशी मी नानांच्या पाया पडलो. म्हणलं, "नाना, चुकलो."

नाना म्हणाले, "माज्याफुडं म्हनून काय उपेग? जितं लिवलंवतंस तितंच लिव. मला वाचाय येत न्हाय, पर लोकास्नी येतंय न्हवं?"

रात्री बसलो लिहायला. दुकानाचं बिल लिहायला एक मिनिट लागतं, त्या चार ओळींना दोन तास लागले. नानांचं म्हणणं बरोबर होतं, आम्ही ऐकलं नाही, त्यांच्या रानाचं नुकसान आमच्यामुळं झालं आणि मी ग्रुपवर लिहिलं ते चुकीचं होतं. एवढंच. त्या रात्री ग्रुपवर कुणीच काही टाकलं नाही. सकाळी मुंबईहून एका पोराचा मला फोन आला, तो म्हणाला, मी नानांना फोन करून वेडंवाकडं बोललो होतो, आता काय करू? मी म्हणलं, गावाला ये आणि जाऊन भेट. तो गणपतीला आला आणि भेटला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण ती तिथं संपत नाही.

त्या वर्षी पुढं पाऊसच पडला नाही. बांध फोडणारा तो वळीव हाच काय तो मोठा पाऊस. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माण होता. २०१९ च्या उन्हाळ्यात पुन्हा छावण्या, पुन्हा टँकर. लोक म्हणायला लागले, चर खणून काय उपयोग झाला? त्यांना काय उत्तर देणार? चर पाऊस पाडत नाही. पडलेला अडवतो, एवढंच त्याचं काम. मग २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस असा झाला की माणगंगेला पूर आला. चर भरले, तळं भरलं, सांडवा डाव्या अंगानं वाहिला आणि बांध जागचा हलला नाही. त्या दिवाळीत ज्या विहिरींचा तळ आम्ही लहानपणापासून बघत आलो त्या काठोकाठ होत्या.

आणि पुढच्या सहा महिन्यांत गावात बोअरच्या गाड्या यायला लागल्या.

हे पण सांगितलं पाहिजे. पाणी आलं की ज्याच्याकडं पैसा आहे तो खोल बोअर मारतो, ऊस लावतो, आणि शेजारच्या विहिरीचं पाणी खाली जातं. ज्या बाईनं पंचेचाळीस दिवस चर खणले तिच्याकडं कदाचित जमीनच नाही. तिच्या घामाचं पाणी तिसऱ्याच्याच उसात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे ओळखलं होतं. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, जास्त पाणी पिणारी पिकं नकोत असं गावानं ठरवलं, आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच कोणतं पीक किती ते ठरतं. आमच्या ग्रामसभेत हा विषय तीनदा आला. तिन्ही वेळा कोरम नाही. माळावर पाचशे माणसं गोळा करणं सोपं होतं, ग्रामसभेत शंभर बसवणं अवघड आहे. हे आमचं काम अजून अर्धवट आहे, आणि ते झालंय असं मी सांगणार नाही.

मग झालं काय? चार गोष्टी झाल्या. ज्यांना श्रमदान सुरू करायचंय त्यांनी एवढं लिहून घ्या.

पहिली. ज्याच्या रानात काम आहे त्याची नुसती सही घ्यायची नाही. त्याला रानात घेऊन जायचं, पावसात पाणी कुठनं येतं आणि कुठनं जातं ते त्यालाच दाखवायला लावायचं, आणि मग ए-फ्रेम लावायचा. दोन्ही जुळलं नाही तर काम थांबवायचं. म्हाताऱ्या माणसांना आणि मेंढरं राखणाऱ्यांना आधी विचारायचं, कारण पावसात माळावर तेच असतात.

दुसरी. जो नाही म्हणतो त्याचं नाव, फोटो, रान ग्रुपवर टाकायचं नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या हो ला काय किंमत? मग ते दान कसलं, ती तर वेठ झाली.

तिसरी. सुरुवात करतानाच दुरुस्तीचे पैसे बाजूला काढायचे. आम्ही आता यात्रेच्या वर्गणीतला ठरावीक भाग त्यासाठी ठेवतो. देवळासमोर जमाखर्च वाचताना तो पण वाचला जातो. बांध फुटला तर कुणाच्या तोंडाकडं बघायला नको.

चौथी. स्पर्धेला शेवटचा दिवस असतो, गाळाला नसतो. चर दोन-तीन पावसाळ्यांत भरतात, दगडी बांधाचे दगड निसटतात, लावलेलं रोप पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी मागतं. म्हणून आम्ही दर अमावास्येला दुरुस्तीचा दिवस धरला. आमच्याकडं अमावास्येला औत धरत नाहीत, त्यामुळं माणूस मोकळा असतो. पहाऱ्याची वही अजून तीच आहे.

खरं सांगतो, त्या दिवशी पाचशे येत नाहीत. कधी पंधरा, कधी नऊ. मागच्या अमावास्येला सात जण होतो, त्यातल्या चार बायका. वहिनी पहिल्यासारख्या सगळ्यात आधी येतात. नाना आता येत नाहीत, गुडघे धरलेत. पण पाऊस झाला की काठी टेकत सांडव्यापर्यंत जाऊन येतात आणि येताना दुकानापुढं थांबून सांगतात, "डाव्या अंगानंच गेलं बग."

मी म्हणतो, "व्हय नाना."

ग्रामपंचायतीतला तो फोटो मी काढायला लावलेला नाही. त्या दिवशी खरंच पाचशे माणसं आली होती आणि त्यांनी खरंच काम केलं होतं. त्याच्या शेजारी आम्ही एक कागद लावलाय, अमावास्येच्या पाळीची यादी. दर महिन्याला बदलतो. बाहेरगावचं कोण बघायला आलं की ते फोटोसमोर उभं राहतं, आणि मी त्यांना कागद वाचायला सांगतो.

तुमच्या गावात असं काही चालू असेल, किंवा चालू होऊन बंद पडलं असेल, तर कळवा. बंद का पडलं हे जरूर सांगा, त्यातनं आम्हाला जास्त शिकायला मिळतं. पुढच्या भागात ग्रामसभेच्या कोरमवर बोलू, तोवर आमची चौथी सभा झालेली असेल. भरली की नाही ते सांगतो.

राम राम.